राउटरखाली कोणते लिनक्स? तांत्रिक समितीला खुले पत्र

तांत्रिक समितीचे सदस्य आणि सर्व देखभालकर्ते यांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या राउटर प्लॅटफॉर्मची पुढची मोठी आवृत्ती कोणत्या लिनक्स वितरणावर (म्हणजे लिनक्स आणि सोबतची पॅकेजेस बांधून देणाऱ्या संचावर) उभी करायची, हा निर्णय आता तुमच्यापुढे आहे. यादीत डेबियन आहे, रेड हॅट कंपनीच्या वितरणाच्या कुळातले अल्मालिनक्स आहे, उबुंटूची एलटीएस (दीर्घ आधाराची आवृत्ती) आहे आणि इमेज हलकी व्हावी म्हणून अल्पाइनही आहे. मी या प्रकल्पात कोड फारसा लिहिलेला नाही. दोन-चार पॅच आणि बरेचसे बग रिपोर्ट, एवढीच माझी जमा. पण हा प्लॅटफॉर्म मी रोज चालवतो. रात्री दोन वाजता सीरियल कन्सोलची केबल जोडून रॅकसमोर जमिनीवर बसणाऱ्यांपैकी मी एक आहे. तुम्ही जे ठरवाल ते शेवटी आमच्याच पदरात पडणार, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. डेबियनची स्थिर आवृत्ती घ्या. कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि राउटिंगचे डीमन (मार्ग सांभाळणारे, मागे सतत चालणारे प्रोग्राम) आपल्या ताब्यात ठेवा. आणि ‘दोन वितरणांवर एकाच वेळी चालू’ असा जो मधला मार्ग पुढे आला आहे, तो कृपा करून घेऊ नका.

आतापर्यंतची चर्चा मी सगळी वाचली. इमेज किती मेगाबाइटची होते, बूट किती सेकंदांत होतो, रिपॉझिटरीत पॅकेजेस किती, यावर पुष्कळ मोजमापे झाली. ती वाया गेली असे मी म्हणणार नाही. पण राउटर काही दिवसातून दोनदा बूट होत नाही. एकदा रॅकमध्ये चढला की सात-आठ वर्षे तिथेच असतो. त्या काळात त्याच्याकडून अपेक्षा साधीच असते: ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत किंवा कर्नलमध्ये भोक सापडले की पॅच वेळेवर यावा, आणि तो लावल्यावर वाहती पॅकेट्स थांबू नयेत. म्हणून मला पहिला प्रश्न पडतो तो असा, की सहाव्या वर्षी हा पॅच कोण देणार? आणि ‘यापुढे देणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे?

सेंटओएस म्हणजे रेड हॅटच्या वितरणाची फुकट मिळणारी प्रत. तिची आठवी आवृत्ती, सेंटओएस ८, सप्टेंबर २०१९ मध्ये आली. ती मे २०२९ पर्यंत चालेल असे सगळेच धरून चालले होते. ८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली, की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल आणि पुढे फक्त सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे रेड हॅटच्या येऊ घातलेल्या आवृत्तीचा चालता प्रवाह, राहील. जवळजवळ दहा वर्षांचा हिशोब सव्वादोन वर्षांवर आला. त्याच वेळी जुने सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालले. म्हणजे वेळेत पुढच्या आवृत्तीवर गेलेले लोक आधी उघड्यावर पडले आणि मागे राहिलेले तरले. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स २०२१ मध्ये उभे राहिले ते त्या पोकळीतून, आणि त्या लोकांचे काम मला मनापासून मोलाचे वाटते. पण जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या वितरणाचा सार्वजनिक सोर्स फक्त सेंटओएस स्ट्रीमपुरता ठेवला, आणि लगेच पुढच्या महिन्यात अल्मालिनक्सने ‘हुबेहूब प्रत’ हे ध्येय सोडून ‘बायनरी पातळीवर सुसंगत’ हे ध्येय घेतले. कंपनीने आपल्या मालाबद्दल काय ठरवावे हा तिचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकते ते एवढेच, की आपल्या पायाची शेवटची तारीख दुसऱ्याच्या बैठकीत ठरत असेल, तर तिच्या भरवशावर आपण आपल्या वापरकर्त्यांना शब्द देऊ नये.

डेबियन १९९३ पासून चालू आहे आणि त्याच्यावर कोणत्याही कंपनीची मालकी नाही. १९९८ पासून त्याला स्वतःची घटना आहे, प्रमुख दरवर्षी निवडला जातो, आणि मोठे वाद डेव्हलपरांच्या मतदानाने मिटतात. हे संथ आहे. कधी कधी अंत पाहते. पण चालते. जुन्या इन्स्टॉलरची आठवण तुमच्यापैकी अनेकांना असेल: तो नेटवर्क कार्ड बरोबर ओळखायचा, त्याच्या फर्मवेअरच्या फाइलचे नावही सांगायचा, आणि मग ती फाइल पेनड्राइव्हवर आणून द्या म्हणायचा. नेटवर्कवरून इन्स्टॉल करायला बसायचे आणि कार्डच मुके. त्या वेळी आम्ही खूप चरफडलो. २०२२ मध्ये सदस्यांनी यावर मतदान केले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागले. प्रश्न सुटायला वर्षे लागली, पण सुटला तो उघड्यावर, सर्वांच्या देखत सुटला. असा बदल आपल्याला येताना दिसतो, आणि हवे तर त्यात बोलता येते.

आता डेबियनची उणी बाजू, कारण ती झाकून ठेवली तर माझ्या बाकीच्या बोलण्यालाही किंमत राहणार नाही. स्थिर आवृत्तीला पूर्ण आधार तीन वर्षे आणि त्यानंतर एलटीएसची दोन, अशी पाच वर्षेच मिळतात. शेवटची दोन वर्षे काम करणारे लोक वेगळे असतात, सगळी आर्किटेक्चर त्यात येत नाहीत आणि काही पॅकेजेस वगळली जातात. रेड हॅटच्या कुळात दहा वर्षे मिळतात. म्हणजे आठ वर्षे जगणाऱ्या यंत्राला डेबियनवर निदान एकदा पाया बदलावाच लागणार. मला त्याची भीती वाटत नाही. दहा वर्षे एकाच पायावर बसलेला बॉक्स दहाव्या वर्षी हलवणे काय असते ते मी अनुभवले आहे: तोवर ज्याने तो उभा केला तो माणूस गेलेला असतो, कॉन्फिगरेशनची भाषा बदललेली असते आणि कोणीच हात लावायला धजावत नाही. दर तीन-चार वर्षांनी हलवायची सवय असलेला बॉक्स हलतो.

आणि हे हलवणे आपण सोपे करू शकतो. सॉनिक (स्विचसाठी) आणि व्हायओएस (राउटरसाठी) या दोन्ही डेबियनवरच्या प्रणाली ते पूर्वीपासून करतात: डिस्कवर एकापेक्षा जास्त इमेज राहतात, मूळ फाइल सिस्टिम स्क्वॅशएफएस या दाबलेल्या स्वरूपात फक्त वाचण्यापुरती, वर ओव्हरले, म्हणजे बदल साठवणारा थर. नवी इमेज चढवायची, रीबूट करायचे, बिघडले तर जुनी निवडायची. वापरकर्त्याने राउटरवर बसून पॅकेज मॅनेजर चालवायचाच नाही. हे एकदा मान्य केले की वितरण निवडण्याचा अर्थ बदलतो. ते आपण वापरकर्त्याला देत नाही, आपण त्यातून बांधतो. मग मोलाचे ठरते ते हे, की तीन वर्षांपूर्वीची इमेज आजही तशीच्या तशी पुन्हा बांधता येते का. डेबियनचे स्नॅपशॉट संग्रहालय २००५ पासूनची पॅकेजेस तारखेनिशी जपून ठेवते. एखाद्या ग्राहकाच्या बॉक्सवरचा बग नेमका जुन्याच इमेजवर दिसत असेल, तेव्हा या संग्रहाची किंमत कळते.

चर्चेत ज्या गोष्टीचा उल्लेखही आला नाही, ती आता सांगतो: वितरणाच्या डीफॉल्ट सेटिंगा. माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा.

काही वर्षांपूर्वीची रात्र आहे. कोणत्या वितरणाची इमेज होती ते सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता, आम्ही दस्तऐवज नीट वाचला नव्हता. दोन अपलिंक (बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या जोडण्या) असलेला राउटर. कोणत्या सोर्स पत्त्याची पॅकेट्स कोणत्या रूट तक्त्यातून (मार्गांच्या यादीतून) बाहेर जातील हे ठरवणारे अकरा नियम आमची स्क्रिप्ट बूटच्या वेळी कर्नलमध्ये घालायची. त्या रात्री सुरक्षेचा एक साधा अपडेट लावला. रीबूटची गरज नव्हती. दहा मिनिटांत फोन सुरू झाले: अर्ध्या लोकांचे चालते, अर्ध्यांचे नाही. मी आत शिरलो. बीजीपीची (शेजारच्या राउटरांशी मार्गांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोटोकॉलची) सगळी सत्रे उभी. रूटची संख्या नेहमीइतकीच. राउटरवरून पिंग केले तर जग जागेवर. इंटरफेसवर एरर शून्य. पाऊण तास मी चुकीच्या जागी शोधत होतो, समोरच्या टोकाच्या माणसाला उगाच उठवलेही. शेवटी काही सुचेना म्हणून नियमांची यादी छापली, आणि पडद्यावर चौदाऐवजी तीनच ओळी आल्या. ०, लोकल. ३२७६६, मेन. ३२७६७, डिफॉल्ट. कर्नलचे जन्मजात तीन नियम. आमचे अकरा गायब.

झाले होते ते असे. अपडेटने सिस्टमडी-नेटवर्कडी (सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) पुन्हा सुरू केले. ते सुरू होताना कर्नलमधले नियम पाहते, आणि जे आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये नाहीत ते परके समजून काढून टाकते. परक्या रूटबाबतही त्याचे तसेच धोरण आहे. हे लिहून ठेवलेले वागणे आहे, आणि दोन्हींसाठी ते बंद करण्याची सेटिंग आहे. घरच्या सर्व्हरवर ते योग्यही आहे, कारण तिथे नेटवर्कची मालकी खरोखर त्याचीच असते. राउटरवर ती मालकी राउटिंग डीमनची आणि आपल्या कोडची असते. दुसऱ्या अपलिंकच्या पत्त्याची पॅकेट्स पहिल्या अपलिंकमधून बाहेर पडत होती आणि पलीकडे सोर्स तपासणीत टाकून दिली जात होती. म्हणून अर्धे लोक.

त्या रात्रीपासून प्रत्येक वितरणाला मी एकच प्रश्न विचारतो: तुझ्या घरात रूट टेबलाचा मालक कोण? रेड हॅटच्या कुळात उत्तर आहे नेटवर्कमॅनेजर. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन आणि त्याच्याखाली नेटवर्कडी. डेबियनच्या साध्या सर्व्हर इन्स्टॉलवर जुने इफअपडाउन, जे बूटच्या वेळी फाइल वाचते, काम करते आणि बाजूला होते. नेटवर्कडी डिस्कवर असते पण बंद. आपल्याला हवा तो पाया हाच. बाकीचे पर्याय बंद करता येतात हे मला माहीत आहे. पण बंद केलेली गोष्ट पुढच्या एखाद्या अपडेटने, एखाद्या अवलंबित्वामुळे परत चालू होते, आणि ते कळते तेव्हा फोन वाजत असतात.

इंटरफेसच्या नावांचेही तसेच. २०१३ पासून सिस्टमडी कार्डाच्या पीसीआय जागेवरून (ते मदरबोर्डवर कुठे बसले आहे त्यावरून) नाव देते. पण स्लॉटमध्ये एक कार्ड वाढले आणि बसचा क्रमांक सरकला, की नाव सरकते. नाव देण्याचे नियमही आवृत्तीनुसार बदलत गेले आहेत. यात कोणत्याही वितरणाचा भरवसा धरू नका. यंत्राच्या समोरच्या पट्टीवर जो आकडा छापला आहे तोच इंटरफेसच्या नावात असावा, आणि ते नाव आपल्या कोडने द्यावे. स्विचसाठीच्या क्युम्युलस लिनक्सने हेच केले.

कर्नलबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाचे बोलले गेले आहे. ‘डेबियनचा कर्नल जुना असतो’ हा आक्षेप खरा आहे. डेबियन १० जुलै २०१९ मध्ये ४.१९ घेऊन आले, आणि वायरगार्ड हे व्हीपीएन मुख्य कर्नलमध्ये आले ते मार्च २०२० मध्ये, ५.६ मध्ये. ज्यांना ते हवे होते त्यांना बॅकपोर्ट्स (जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली नवी पॅकेजेस) शोधावे लागले. पण दुसऱ्या बाजूचे चित्रही पाहा. रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीचा कर्नल नावाने ४.१८, आणि पोटात पुढच्या कितीतरी आवृत्त्यांमधून आणलेल्या गोष्टी. आपला कोड आकडा पाहून ईबीपीएफची (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याच्या यंत्रणेची) एखादी सोय आहे की नाही ठरवू लागला, की तिथे फसतो. दोन्हीवर उतारा एकच: कर्नलचे पॅकेज आपण बांधायचे. डेबियनचाच कर्नल सोर्स घ्यायचा, त्यावर आपले मोजके पॅच, आणि स्विच चिपचे मॉड्यूल त्याच कर्नलवर त्याच बिल्डमध्ये. चिपच्या पुरवठादाराकडून येणारे मॉड्यूल विशिष्ट कर्नलवरच चालते, कर्नलचा अंतर्गत इंटरफेस मुख्य प्रवाहात जाणूनबुजून स्थिर ठेवलेला नाही, आणि हा गुंता वापरकर्त्याच्या यंत्रावर सोडवायला ठेवणे अन्यायाचे आहे. काम वाढेल, मान्य. पण २०२३ मध्ये कर्नलच्या दीर्घकालीन आवृत्त्यांचा नेहमीचा आधार सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्याचे ठरले, तेव्हापासून हे काम कोणाला ना कोणाला करावेच लागणार हे उघड आहे. डेबियन १३ मधला ६.१२ ही आज चांगली सुरुवात आहे.

अल्पाइन मला आवडते. कंटेनरमध्ये एखादी छोटी सेवा चालवायला त्याच्याइतके नेटके दुसरे क्वचितच मिळेल, आणि तिथे ते जरूर ठेवा. पाया म्हणून नको. त्याची मसल ही सी लायब्ररी (जिच्यावर बहुतेक सगळे प्रोग्राम उभे असतात) बाकीच्या वितरणांतल्या ग्लिबसीपेक्षा वेगळी वागते, आणि तो फरक नेमका नेटवर्कमध्ये टोचतो. मे २०२३ च्या १.२.४ आवृत्तीपर्यंत तिच्या डीएनएस रिझॉल्व्हरला (नावावरून पत्ता शोधणाऱ्या भागाला) टीसीपी येतच नव्हते; उत्तर यूडीपीच्या एका पॅकेटात मावले नाही की नाव असूनही कधी कधी सापडत नसे. आता ते सुटले आहे. पण चिपच्या पुरवठादारांची बायनरी ग्लिबसीसाठीच येतात, आणि अल्पाइनच्या प्रत्येक आवृत्तीला आधार साधारण दोन वर्षांचा. उबुंटूबद्दल वेगळे लिहीत नाही. तंत्राच्या अंगाने ते डेबियनजवळच आहे, पण त्याची दहा वर्षांची मुदत कंपनीच्या सदस्यत्वाला बांधलेली आहे, आणि त्याला वर लिहिलेलाच आक्षेप लागू होतो.

एक्सझेड या फाइल दाबण्याच्या साधनात कोणीतरी लपवलेल्या मागच्या वाटेच्या प्रकरणाचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला गेला, म्हणून त्यावर थोडे. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते उघडकीस आणले, एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सोयीला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा पाठपुरावा करताना. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या बाधित आवृत्त्या डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग या कच्च्या शाखांमध्ये पोचल्या होत्या, स्थिर आवृत्तीत नव्हत्या. म्हणून डेबियन सुरक्षित, असा निष्कर्ष मी काढणार नाही. एसएसएच सर्व्हरला सिस्टमडीच्या लायब्ररीशी जोडणारा पॅच डेबियनसह काही वितरणांनीच लावलेला होता, मूळ ओपनएसएसएचमध्ये तो नव्हता, आणि त्याच जोडणीतून ती मागची वाट आत आली. त्यातून मी एवढेच घेतो, की राउटरच्या इमेजमध्ये जे पॅकेज लागत नाही ते नसावे, आणि जे आहे ते सहा महिने इतरत्र चालून मगच आपल्याकडे यावे. स्थिर आवृत्तीचा संथपणा इथे कामी येतो.

राहिला दोन पायांचा प्रस्ताव. त्यामागचा हेतू चांगला आहे, कोणालाच नाराज करायचे नाही. पण आपले देखभालकर्ते किती, हे तुम्हीच माझ्यापेक्षा चांगले जाणता. दोन पाये म्हणजे दोन सी लायब्ररी किंवा दोन कर्नल, दोन प्रकारची फायरवॉल साधने, प्रत्येक सुरक्षा सूचनेवर दोनदा धावपळ आणि प्रत्येक चाचणी दुप्पट. चाचणी यंत्रे दुप्पट होणार नाहीत. मग होईल ते असे: एक पाया तुमच्या रोजच्या वापरातला, तो नीट चालेल, दुसरा नावापुरता, आणि त्यावर गेलेले लोक सहा महिन्यांनी एकटे पडतील. त्यांना आजच ‘नाही’ म्हणणे जास्त प्रामाणिक आहे.

मतदानाआधी एक चाचणी घ्या, एवढी विनंती. यादीतल्या प्रत्येक वितरणावर आपला प्लॅटफॉर्म चढवा, दोन अपलिंक द्या, रूट आणि नियम भरा, वाहतूक चालू ठेवा. मग नियमांची यादी, रूटची संख्या आणि इंटरफेसची नावे फाइलमध्ये लिहून घ्या, त्या वितरणाचे साठलेले सगळे सुरक्षा अपडेट लावा, सेवा पुन्हा सुरू होऊ द्या, आणि त्याच तीन गोष्टी पुन्हा लिहून फरक पाहा. त्यानंतर एक रीबूट आणि पुन्हा तेच. फरकाची फाइल मतपत्रिकेबरोबर सर्वांना दिसू द्या. डेबियनच्या फाइलमध्ये काही निघाले तर मी माझे मत मागे घेईन.

माझ्याकडे यासाठी दोन मोकळी यंत्रे आहेत, चार-चार पोर्टची, सीरियल कन्सोलसह. ती चालू ठेवून तुम्हाला प्रवेश देतो. शनिवारी रात्री मी स्वतः बसेन.

आपला,
रात्रपाळीतला एक नेटवर्क अभियंता